ॲका, सिंगल की लकी १५? शनिवारचे दहा पाऊंड लावायचेच असतील तर

माझा मावसभाऊ कामासाठी इंग्लंडला आला, लेस्टरला, आणि ऑफिसमधल्या पोरांचं बघून त्यालाही शनिवारची ॲका लावायची सवय लागली. ॲका म्हणजे ॲक्युम्युलेटर, चार-पाच मॅचेसचे निकाल एकाच बेटमध्ये गुंफायचे, सगळे बरोबर आले तर भाव एकमेकांनी गुणून पैसे मिळतात, एक जरी चुकला तरी सगळं गेलं. त्याने परवा फोन केला, "दादा, पाचची ॲकाच लावत राहू की सुट्या सुट्या लावू? इथे एकजण म्हणतो लकी १५ लाव, ती सेफ असते." मी स्वतः दोन सीझन दर शनिवारी लावायचो आणि प्रत्येक बेट वहीत लिहायचो, त्यामुळे त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय, इकडे नवीन आलेल्या बऱ्याच जणांना हाच प्रश्न पडतो.

आधी एक गोष्ट, हे सगळं इथे यूकेत राहणाऱ्यांसाठी आहे. इथे २००५ च्या कायद्याखाली लायसन्स असलेल्या बुकीकडे १८ वर्षांवरच्या माणसाने बेट लावणं कायदेशीर आहे. भारतात २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे, त्यामुळे पुण्या-नाशिकला बसून हे वाचत असाल तर यातलं काही करून बघू नका, आणि इथल्यांनी आपल्या अकाउंटवरून गावाकडच्या मित्राच्या बेट लावून देऊ नका.

आता मुद्दा. कुठली बेट चांगली हे ठरवताना बहुतेक जण "किती मिळतील" एवढंच बघतात, पण बघायचं असतं ते बुकी किती कापतो. समजा नाणं उडवलं, छापा किंवा काटा, तर खरा भाव २.०० हवा, म्हणजे एकाचे दोन. बुकी देणार १.९० च्या आसपास, ते मधले पाच टक्के त्याचे. सिंगल, म्हणजे एका मॅचची एक सुटी बेट, लावली तर हा टोलनाका एकदाच लागतो. ॲकामध्ये प्रत्येक मॅच म्हणजे एक नाका आणि प्रत्येक नाक्यावर तुमच्या हातात जेवढं आहे त्याच्या पाच टक्के जातात, म्हणून पाच मॅचेसच्या ॲकात लावलेल्या १०० पाऊंडांमागे सरासरी साधारण ७७ परत येतात आणि सिंगलमध्ये ९५. मॅचेस त्याच, अभ्यास तोच, डोकं तेच, फक्त एका कागदावर लिहिल्या म्हणून पाचऐवजी २३ गेले. मला हे कळायला पहिला अख्खा सीझन लागला.

प्रत्यक्षात कसं दिसतं ते बघा. पाच फेव्हरेट टीम, प्रत्येकीचा भाव १.५०. दहा पाऊंडांची पाचची ॲका लावली आणि लागली तर जवळपास ७६ पाऊंड. ऐकायला फार छान वाटतं, पण पाच टक्के कापणी धरली तर त्या भावाच्या टीमचा जिंकायचा खरा चान्स ६३ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि पाचही जिंकायचा चान्स फक्त दहा टक्के. दहात एकदा येणारी गोष्ट आणि मिळणार साडेसातपट. त्याच दहा पाऊंडांच्या दोन-दोन पाऊंडांच्या पाच सिंगल केल्या तर प्रत्येक जिंकलेलीचे तीन पाऊंड, चार जिंकल्या तर बारा हातात, तीन जिंकल्या तर नऊ, म्हणजे एक पाऊंड गेला. कंटाळवाणं आहे, मान्य आहे, शनिवारी दुपारी तीनला ते ७६ पाऊंडांचं स्वप्न डोळ्यासमोर नाचत नाही, पण रात्री जेवताना ताटावर चिडचिडही होत नाही.

चिडचिडीचं सांगतो कारण खरं नुकसान तिथेच होतं. माझ्या वहीत एक शनिवार आहे, पाचपैकी चार आल्या होत्या, पाचवी टीम १-० ने पुढे, ८८ वं मिनिट. इथे शनिवारी तीनच्या मॅचेस टीव्हीवर लाइव्ह दाखवत नाहीत, त्यामुळे किचनमध्ये उभा राहून फोनवर नुसता स्कोअर बघत होतो, गॅसवर पोह्यांचा कांदा परतत होता. ॲपवर कॅश आऊटचं बटण, म्हणजे मॅच संपायच्या आधीच पैसे घेऊन बेट मिटवायचं, ६१ पाऊंड दाखवत होतं. मी दाबलं नाही. इंज्युरी टाइममध्ये बरोबरी झाली आणि बटण गायब झालं. दहा पाऊंड गेले त्याचं काही नाही, ते तर लावतानाच गेलेले असतात, पण मी पंधरा मिनिटांच्या आत संध्याकाळच्या मॅचवर २० पाऊंड लावले, ज्या टीमबद्दल मला काडीचीही माहिती नव्हती. कांदा करपला, वीसही गेले. ती वीसची बेट मी वहीत लाल पेनाने लिहिली आहे.

आणि कॅश आऊट दाबायला हवं होतं असंही मी म्हणत नाही. ते बटण म्हणजे बुकीने तुम्हाला दिलेला नवा भाव असतो आणि त्यातही त्याची कापणी असतेच, म्हणजे सहावा टोलनाका. दर वेळी घाबरून दाबणाऱ्याचं लांब पल्ल्यात नुकसानच होतं. लावताना जी रक्कम गेली तर चालेल अशी असते ती लावली की बटणाकडे बघायची गरजच पडत नाही, म्हणून माझा सल्ला असा की कॅश आऊट वापरायचंच नाही असं आधीच ठरवून टाका.

आता लकी १५, कारण "सेफ" या शब्दाने फार लोक फसतात. यात चार निकाल निवडायचे आणि त्यातून बनणाऱ्या सगळ्या १५ बेट लागतात: चार सिंगल, सहा डबल (दोन-दोन निकाल एकत्र), चार ट्रेबल (तीन-तीन एकत्र) आणि एक चारची ॲका. एक पाऊंडची लकी १५ म्हणजे १५ पाऊंड खिशातून जातात, हे पहिल्यांदा लावणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. एक जरी बरोबर आला तरी काहीतरी परत येतं म्हणून तिला सेफ म्हणतात. पण १.५० च्या चार फेव्हरेटवर लावा आणि हिशोब करा, चारपैकी तीन बरोबर आले तर परत येतात १४ पाऊंड ६३ पेन्स. चारात तीन बरोबर आणि तरी ३७ पेन्सचा तोटा! दोन आले तर सव्वापाच पाऊंड. चारही आले तरच ३८ होतात. ही बेट घोड्यांच्या शर्यतीसाठी शोभते, जिथे भाव मोठे असतात, ४.०० च्या भावाचे चार घोडे घेतले तर दोन आले की २४ पाऊंड, तिथे तिला अर्थ आहे. कापणीच्या दृष्टीने ती सिंगल आणि ॲकाच्या मध्ये पडते, आधीच्याच पाच टक्क्यांच्या हिशोबाने लकी १५ मध्ये दहा टक्के जातात, चारच्या सरळ ॲकात साडेअठरा. म्हणजे ॲकापेक्षा बरी नक्कीच, पण फुटबॉलच्या फेव्हरेटवर नको.

याच जातीतल्या बाकीच्याही आहेत, फक्त त्यांत सिंगल नसतात, तीन निकालांची ट्रिक्सी म्हणजे ४ बेट, चारांची यँकी म्हणजे ११, सहांची हाइन्झ म्हणजे ५७ (त्या केचपवाल्या ५७ प्रकारांवरून नाव पडलं), सातांची सुपर हाइन्झ १२०. नावं मजेशीर आहेत म्हणून लावू नका, आधी बेटच्या आकड्याने स्टेक, म्हणजे एका बेटवर लावायची रक्कम, गुणून बघा.

इथले जुने लोक २८ सप्टेंबर १९९६ ची गोष्ट सांगतातच, ॲस्कॉटच्या रेसकोर्सवर जॉकी फ्रँकी डेटोरीने एका दिवसात सातच्या सात शर्यती जिंकल्या, सगळ्यांचा मिळून भाव २५,०५१ ला १. एका सुताराने ६७ पाऊंड ५८ पेन्स लावून साडेपाच लाखांवर कमावले. पण त्याची बेट नीट उलगडून बघा, ५० पेन्सची सुपर हाइन्झ म्हणजे ६० पाऊंड, वर एक पाऊंडची ईच-वे ॲका (एक पाऊंड घोडे जिंकण्यावर, एक पहिल्या काही नंबरांत येण्यावर) म्हणजे दोन, आणि त्यावर तेव्हाचा ९ टक्के टॅक्स. म्हणजे नुसती सरळ ॲका लावून तो तिथवर गेला नव्हता, त्याचे बहुतेक पैसे लहान लहान डबल, ट्रेबल आणि चार-पाचच्या ॲकांमध्ये वाटलेले होते, सातऐवजी पाच जिंकले असते तरी त्याला भरपूर मिळालं असतं. ही गोष्ट सांगून जे लोक तुम्हाला सातची ॲका लावायला लावतात ते अर्धीच गोष्ट सांगतात. आपल्या महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या ट्रेबल आणि जॅकपॉटशी पण याची गल्लत नको, तिथे सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जमा होतात, कमिशन कापून उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात, इथे बुकीचा भाव आधीच ठरलेला असतो.

बेट बिल्डरबद्दल एकच वाक्य, एकाच मॅचमधले गोल, कॉर्नर, कार्ड एकत्र करून जो भाव येतो तो साध्या गुणाकाराने तपासता येत नाही, आणि जिथे कापणी किती हे मला मोजता येत नाही तिथे मी पैसे लावत नाही.

आता शिस्त, कारण मावसभावाचा दुसरा प्रश्न तोच होता, "हरलो की पुढच्या आठवड्यात डबल लावतो, म्हणजे निघतात ना?" नाही निघत. पाचची ॲका दहात एकदा येते म्हणजे दर दहाव्या आठवड्याला येते असं नाही, सलग दहा आठवडे कोरडे जायचा चान्स तीनात एक असतो, आणि आठ-नऊ जणांत एकाचे सलग वीस आठवडे कोरडे जातात. पाच पाऊंडांपासून दर आठवड्याला डबल करत गेलात तर सहा हरल्यावर ३१५ पाऊंड गेलेले असतात आणि सातवी बेट ३२० ची असते, भाडं भरायच्या आठवड्यात. स्टेक किती असावा याचं एक जुनं सूत्र आहे, बेल लॅब्जच्या केलीने १९५६ मध्ये मांडलेलं, आणि ते सूत्र सांगतं की तुमच्या बाजूने फायदा नसेल तर लावायची रक्कम शून्य. आपल्यासारख्यांचा बहुतेक बेटमध्ये फायदा नसतोच, म्हणून ही रक्कम सिनेमाच्या तिकिटासारखी धरायची, गेली म्हणजे गेली, आणि दर आठवड्याला तेवढीच.

ॲपमध्ये डिपॉझिट लिमिट असतं ते पहिल्याच दिवशी लावा. कमी केलं तर लगेच लागू होतं, वाढवायचं म्हटलं तर किमान २४ तास थांबावं लागतं, आणि माझ्या त्या लाल पेनाच्या शनिवारी मला नेमके तेच २४ तास हवे होते. क्रेडिट कार्डवरून बेट लावणं इथे एप्रिल २०२० पासून बंद आहे, पण ओव्हरड्राफ्टमधून किंवा मित्राकडून उसने घेऊन लावायला लागलात, बायकोपासून स्टेटमेंट लपवायला लागलात, तर मग ॲका की सिंगल हा प्रश्नच राहत नाही, गॅमस्टॉपवर नाव नोंदवा, सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षांसाठी सगळ्या लायसन्सवाल्या ऑनलाइन साइट्स बंद होतात, आणि जुगाराच्या सवयीतून बाहेर पडायला मदत करणाऱ्या गॅमकेअरच्या हेल्पलाइनवर फोनही करा. लाज वाटायचं काही कारण नाही, मी स्वतः सहा महिन्यांचं लावलं होतं.

मग कोणी काय लावावं? ज्याला खरंच मॅचेसचा अभ्यास करायचा आहे, चूक-बरोबर तपासायचं आहे, त्याने सिंगल, कारण कुठला अंदाज चुकला ते एकेक कळतं. ज्याला शनिवारी दुपारची थोडी मजा हवी आहे त्याने छोटी ॲका, पण पाच-सहा नाही, तीनची ट्रेबल, तीच १.५० वाली असेल तर चारात एकदा लागते आणि दोन पाऊंडांचे पावणेसात होतात. घोडे कळत असतील आणि १५ पाऊंड जड नसतील तर वर्षात एखाद-दोनदा लकी १५. ज्याला महिनाअखेरीचा खड्डा भरायचा आहे त्याने काहीच नाही, एक पेनीसुद्धा नाही.

मावसभावाने त्याच रात्री फोन चालू ठेवून महिन्याला दहा पाऊंडांचं लिमिट टाकलं. आता दर शनिवारी दोन पाऊंडांची ट्रेबल लावतो, वहीत लिहितो आणि पाच वाजता पानाचा फोटो मला पाठवतो.