इरफानव्ह्यूने फोटो फिरवणे: आठ महिन्यांच्या वापरानंतर

इरफानव्ह्यू या फोटो पाहण्याच्या प्रोग्रॅममध्ये फोटो उघडला, 'आर' दाबून फिरवला आणि सेव्ह केला, की काम झालं असं वाटतं. पण जेपेगचं, म्हणजे मोबाइल फोटोंच्या नेहमीच्या फाइलचं, नुकसान नेमकं इथेच होतं. सेव्ह करताना फाइल नव्याने कॉम्प्रेस होते आणि बारीक तपशील थोडा जातो. साडीची जर किंवा लांबच्या झाडाची पानं आधी गढूळ होतात.

इरफानव्ह्यूत यावर शिफ्ट-जे आहे: जेपेगमध्ये चित्र छोट्या चौकोनी ठोकळ्यांत साठवलेलं असतं; ते ठोकळे नव्याने कॉम्प्रेस न करता फिरवून त्यांची जागा बदलायची, गुणवत्ता जशीच्या तशी. त्यासाठी मूळ प्रोग्रॅमबरोबर प्लगइनचा संचही बसवावा लागतो. घरगुती वापराला दोन्ही फुकट. शिफ्ट-जेच्या खिडकीत 'एक्झिफनुसार आपोआप फिरवा' हा पर्याय निवडा (एक्झिफ म्हणजे कॅमेऱ्याने फोटोच्या फाइलमध्ये लिहिलेली माहिती) आणि ओरिएंटेशनचा टॅग, म्हणजे त्यातली फोटोच्या दिशेची नोंद, मूळ स्थितीला आणण्याची खूण तपासा. ही खूण फार महत्त्वाची. मोबाइल उभा धरून काढलेला फोटो बहुतेक वेळा आत आडवाच असतो. 'दाखवताना उजवीकडे फिरव' एवढंच सांगणारा ६ हा आकडा टॅगमध्ये असतो. चित्र फिरलं आणि टॅग ६ च राहिला, तर पुढचा प्रोग्रॅम ते पुन्हा फिरवतो. संगणकावर सरळ दिसणारा फोटो दुसरीकडे आडवा दिसण्यामागे बहुधा हेच असतं. टॅग १ हवा.

ढीगभर फोटोंसाठी 'टी' दाबून थंबनेल उघडा, हवे ते निवडा आणि फाइल मेनूतून हेच काम एकदम करा. मूळ फाइलवरच लिहिलं जातं, म्हणून आधी फोल्डरची प्रत काढा. टेबलावर ठेवलेल्या कागदांचे फोटो मात्र या गठ्ठ्यात घेऊ नका. फोन जमिनीला समांतर असला की कोणती बाजू वर हे सेन्सरला नीट कळत नाही, टॅगच चुकीचा पडतो. सातबारा, मार्कशीट हाताने फिरवलेले बरे.

आता काठाची अडचण. मोबाइलच्या जेपेगमध्ये ठोकळा बहुधा १६ बाय १६ पिक्सेलचा असतो. ४०३२ बाय ३०२४ ला १६ ने पूर्ण भाग जातो, काहीच बिघडत नाही. ४००० बाय ३००० मध्ये खाली ८ पिक्सेलची अर्धवट पट्टी उरते. अर्धा ठोकळा फक्त उजव्या किंवा खालच्या काठाला चालतो. डावीकडे फिरवलं तर पट्टी उजव्या काठाला जाते, सगळं ठीक. उजवीकडे फिरवलं की ती डाव्या काठाला येते. मग ती कापावी लागते, नाहीतर कडेला विस्कटलेली रेघ दिसते. घरच्या फोटोत ८ पिक्सेल खुशाल जाऊ द्यावेत. स्कॅन केलेल्या नकाशात मात्र काठावर मजकूर असतो, तिथे आधी आकार पाहा; 'आय' दाबला की दिसतो.

क्षितिज दोन अंशांनी कललंय, तर शिफ्ट-जे उपयोगाचं नाही. कंट्रोल-यू ने अंश टाकून फिरवा. इथे प्रत्येक पिक्सेल नव्याने मोजला जातो, कोपरे रिकामे पडतात आणि ते छाटावे लागतात. १ अंश, मग आणखी अर्धा असं टप्प्याटप्प्याने करू नका. कोन चुकला तर मागे जाऊन मूळ चित्रावरच नवा आकडा टाका, आणि गुणवत्ता ९५ ठेवून वेगळ्या नावाने एकदाच सेव्ह करा.