फ्लेक्स की दाणे: आमच्या घरातल्या चार चिमट्या

टाकी बसली, पाणी मुरलं, मासेही आले, आणि आता दुकानात खाण्याच्या फळीसमोर उभं राहून फ्लेक्सचा (पातळ पापुद्र्यांचा) की दाण्यांचा, कुठला डबा उचलायचा ते कळत नाहीये, अशांसाठी हे लिहितोय. प्रथिनं किती टक्के वगैरे डब्यावर छापलेलं असतं, त्यात शिरत नाही.

आमच्याकडे दोन टाक्या आहेत. हॉलमध्ये तीन फुटी, तिच्यात तीन ओरांडा गोल्डफिश. आतल्या खोलीत दोन फुटी, तिच्यात गप्पी, निऑन टेट्रा आणि तळाला चार कोरी, म्हणजे तळाशीच चरणारे छोटे मासे. दोन्ही प्रकारचं खाणं वर्षानुवर्षं घालून झालंय. हॉलमधल्या टाकीतून फ्लेक्स कायमचे हद्दपार झालेत, आतल्या टाकीत अजून आहेत. याला खाण्याच्या दर्जापेक्षा आमच्या घरची माणसं जास्त कारणीभूत आहेत.

आधी फ्लेक्सबद्दल चांगलं बोलतो, कारण बोलण्यासारखं आहे. १९५०च्या दशकात जर्मनीत उलरिश बेन्श यांनी टेट्रामिन नावानं हे पापुद्र्यांचं खाणं बाजारात आणलं आणि घरोघरचा हा छंद सोपा झाला. त्याआधी जिवंत किडे-अळ्या मिळवण्याची खटपट होती. फ्लेक्स पाण्यावर पसरतात, त्यामुळे दांडगा मासा सगळं एकटा फस्त करू शकत नाही. निऑनसारख्या इवल्या तोंडाला ते सोयीचे. गप्पीची पिल्लं झाली की तोच फ्लेक्स बोटांत चुरायचा, वेगळं काही आणावं लागत नाही.

किरकोळ तक्रारी आहेत. आमच्या डोंबिवलीत पावसाळ्यात डबा चार वेळा उघडला की फ्लेक्स पापडासारखे सादळतात. पापुद्रा पातळ, त्यामुळे पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं त्यातून लवकर निघून जातात. डब्याच्या तळाचा भुगा फिल्टरच्या स्पंजमध्ये जाऊन बसतो. पण एवढ्यासाठी मी ते सोडले नसते. मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून घ्यायचा नाही, सुट्टं पुडीतलं तर अजिबातच नाही, की झालं.

सोडले ते चिमटीमुळे.

फ्लेक्सचं माप चिमूट, आणि आमच्या घरात चिमट्या चार. आईची हिंगाची, बायकोची मिठाची, आणि मुलाची चिमूट म्हणजे भेळेवर पेरलेली शेव. सकाळी सातला आई घालणार, कारण ‘बिचारे तोंड वर करून बसलेत’. शाळेला निघताना मुलगा. संध्याकाळी बायको. रात्री मी, कुणी घातलं की नाही हे नक्की माहीत नसल्यामुळे ‘थोडंसंच’. गोल्डफिश प्रत्येकासमोर तितक्याच भक्तिभावानं तोंड उघडतात. ती भूक नसते, सवय असते. आमचे तर हॉलची ट्यूब लावली तरी काचेशी येतात. या माशाला जठरच नसतं, खाल्लेलं थेट आतड्यात जातं आणि दिवसभर काही ना काही चरत राहणं हा त्याचा धर्म. ‘दोन मिनिटांत संपेल तेवढंच घाला’ हा डब्यावरचा नियम त्याला लावलात तर तो दोन मिनिटांत डबाही संपवील.

मग एका वर्षी गणपतीला पाच दिवस गावी गेलो. शेजारच्या काकांना किल्ली दिली आणि सांगितलं, रोज दोन चिमट्या. चूक माझीच. त्या माणसानं प्रेमानं घातलं. परत आलो तर टाकीतलं पाणी ताकासारखं, वर तेलकट साय, आणि सगळ्यात मोठा ओरांडा एका कुशीवर कललेला. खाली जायला धडपडायचा आणि बुचासारखा पुन्हा वर यायचा. मागे विष्ठेची दोरी, त्याच्या अंगापेक्षा लांब. बाकीचे दोघे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत होते, पण ते खाणं मागत नव्हते, हवेसाठी तडफडत होते. उरलेलं खाणं कुजतं, शिवाय मासा खाईल तितका अमोनिया कल्ल्यांतून पाण्यात सोडतो, आणि फिल्टरमधले जिवाणू ठरावीक प्रमाणातच तो पचवू शकतात. जास्त खाण्यानं मासा मरतो म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा पोट फुटून नाही, पाणी बिघडून मरतो.

त्या रात्री एक तृतीयांश पाणी बदललं, तळ सायफननं ओढून घेतला आणि तीन दिवस काहीही घातलं नाही. चौथ्या दिवशी उकडलेला मटार, साल काढून, कुस्करून. दोन आठवड्यांनी स्वारी सरळ पोहायला लागली. मटारामुळे की उपासामुळे, छातीठोक सांगता येणार नाही.

एवढ्यावर वेळ येण्याआधी टाकी सांगत असते, हे मला नंतर उमगलं. खडीच्या फटीत कापसासारखी पांढरी बुरशी दिसायला लागते. गोगलगायी अचानक दुप्पट होतात. काचेवर दोऱ्यासारखे बारीक पांढरे किडे सरपटताना दिसतात. फिल्टरचा स्पंज नेहमीपेक्षा लवकर तुंबतो. माशाच्या पोटावर मी फारसा विसंबत नाही, कारण ओरांडा मुळात लाडवासारखाच असतो. वरून बघावं, एकच बाजू फुगलीय का ते. खवले अननसासारखे उभे राहिले असतील तर मात्र ते नुसतं अजीर्ण नव्हे, उपासावर भागवू नका.

आता दाणे. बुडणारे घ्यावेत असं माझं मत. तरंगणाऱ्या दाण्यांबरोबर गोल्डफिश हवा गिळतो आणि मग कलतो, असं बरेचजण सांगतात, काहींना ते पटत नाही. मी वाद घालत नाही, बुडणारे आणतो आणि घालण्याआधी मिनिटभर वाटीत भिजवतो, म्हणजे जे काही फुगायचं ते बाहेरच फुगतं. कोरींनाही तळाशी गेलेलंच उपयोगी.

दाण्यांचा दोष लहान नाही. न खाल्लेला दाणा खडीत शिरतो आणि दिसत नाही. फ्लेक्सचा कचरा निदान डोळ्यांसमोर तरंगतो, दाण्याचा गुपचूप कुजतो. मी तळाला एका कोपऱ्यात काचेची चहाची बशी ठेवलीय आणि दाणे बरोबर तिच्यावर सोडतो. मासे चार दिवसांत शिकले. बशीत उरलेलं दिसलं की दुसऱ्या दिवशी कमी. आकारही बघावा लागतो, नाहीतर मासा दाणा तोंडात घेतो, थुंकतो, पुन्हा घेतो, आणि निम्मा पाण्यात विरतो.

पण दाणा मोजता येतो. माझ्या दृष्टीनं सगळं इथे संपलं. आईच्या बीपीच्या गोळ्यांचा एक जुना डबा होता, सात वारांचा, सकाळ-रात्र असे चौदा कप्पे. रविवारी मी त्यात दाणे भरून ठेवतो. तीन मासे, प्रत्येकी चार, म्हणजे एका कप्प्यात १२. हा आकडा आमच्या बोटभर माशांचा आणि आमच्या दाण्याचा, तुमचा वेगळा येईल. कप्पा रिकामा दिसला म्हणजे कुणीतरी घातलं, विषय संपला. गावाला जाताना काकांना हाच डबा देतो. नाशिक-पुण्याकडच्या थंडीत पाणी गार पडतं, माशांचं पचन मंदावतं, तेव्हा १२चे आठ करणं सोपं. चिमूट तेवढ्याच हिशोबानं कमी करून दाखवा. फ्लेक्सही या डब्यात भरून बघितले होते. दोन दिवसांत भुगा झाला आणि झाकणाला चिकटला.

तेव्हा गप्पी, टेट्रा असतील आणि खाणं घालणारा हात एकच असेल, तर फ्लेक्स खुशाल घ्या, छोटा डबा, आणि तो हात आवरा. पिल्लं असतील तर फ्लेक्स लागतीलच. गोल्डफिश असतील आणि घरात माणसं असतील, तर मी दाण्यांकडे जाईन. आतल्या टाकीसाठीसुद्धा अगदी बारीक दाण्याचा एक डबा गेल्या महिन्यात आणलाय, निऑन खातायत. फ्लेक्स आहेत ते संपेपर्यंत आहेत.

गुरुवारचे दोन्ही कप्पे मी मुद्दाम रिकामे ठेवतो, आठवड्यातून एक लंघन. गुरुवार आईचाही उपासाचा. गेल्या गुरुवारी संध्याकाळी टाकीतल्या त्या बशीत साबुदाण्याचा एक दाणा सापडला. अजून कुणी कबूल झालेलं नाही.