ब्रुडर क्लाउस चॅपल, वाखेनडॉर्फ: छप्पर उघडं आहे, छत्री घेऊन जा

जर्मनीतल्या कोलोनच्या नैऋत्येला मेशेर्निश शहराच्या हद्दीत वाखेनडॉर्फ नावाचं छोटं गाव आहे. गावाबाहेरच्या शेतात काँक्रीटचा १२ मीटर उंचीचा, पाच बाजूंचा सरळसोट ठोकळा उभा दिसतो. घंटा नाही, शिखर नाही, एकही खिडकी दिसत नाही. तिथल्या एका शेतकरी दांपत्याने संत निकोलाउस फॉन फ्ल्युए (१४१७–१४८७), म्हणजेच ‘ब्रुडर क्लाउस’, यांच्या स्मरणार्थ आपल्याच जमिनीवर हे चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनागृह, बांधवून घेतलं. २००७ मध्ये ते पूर्ण झालं. वास्तुविशारद स्वित्झर्लंडचे पीटर त्सुमथोर. दोनच वर्षांनी त्यांना वास्तुकलेतला प्रिट्झकर पुरस्कार मिळाला.

फोटोंमुळे इथे येणाऱ्यांची पहिली फसगत होते ती आकाराबाबत. आतली जागा फारच लहान आहे. त्रिकोणी धातूचं दार, त्यानंतर वळत जाणारी अरुंद वाट, आणि मग थेंबासारख्या आकाराची एक खोली. आठ-दहा माणसं झाली की शांतता संपली. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची बस आली असेल तर आत शिरूच नका, बाहेरच्या बाकावर बसून ती जाईपर्यंत थांबा. सुट्टीच्या दिवशी दुपारी प्रार्थनेसाठी येणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशाच येते. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दार उघडताच पोहोचलात तर जागा खरी कळते.

आतल्या भिंतींकडे नीट पाहा, कारण या वास्तूचं सगळं मर्म तिथेच आहे. आधी ११२ ओंडके तंबूसारखे तिरके टेकवून उभे केले. त्यांच्याभोवती बाहेरचा सपाट साचा लावला आणि मधल्या जागेत काँक्रीट भरून ठोकून दाबलं: दिवसाला साधारण ५० सेंटीमीटरचा एक थर, असे २४ थर. बाहेरून दिसणाऱ्या आडव्या रेघा म्हणजे त्या थरांचे सांधे. कुठे रेघ वाकडी, कुठे थराचा रंग थोडा वेगळा. याला बांधकामातला दोष समजून नाक मुरडणारे भेटतात. पण हाताने भरलेलं काँक्रीट असंच दिसणार, आणि ते लपवलेलं नाही हेच चांगलं.

थर घट्ट झाल्यावर ओंडके काढायचे कसे? ते खालून वर निमुळते होत एकमेकांवर रेललेले, ओढून निघणं कठीण. म्हणून आत मंद आग लावून ती सुमारे तीन आठवडे धुमसत ठेवली, लोणारी कोळसा पाडतात तशी. लाकूड वाळून आक्रसलं, काँक्रीटपासून सुटलं आणि मग बाहेर काढता आलं. मागे राहिल्या त्या ओंडक्यांच्या गोलाईच्या उभ्या पन्हळी आणि त्यांवरची काजळी. भडक आग लावली असती तर ताज्या काँक्रीटला तडे जाण्याची भीती होती.

आतला आणि बाहेरचा साचा एकत्र धरून ठेवणाऱ्या नळ्यांची साडेतीनशेच्या आसपास भोकं भिंतीत राहिली. ती बुजवली नाहीत, काचेचे गोळे बसवून बंद केली. आभाळ भरून आलेलं असलं की हे ठिपके मंद उजळतात. कडक उन्हात मात्र वरचा झोत इतका तीव्र असतो की डोळे दिपतात आणि ठिपके पार फिके पडतात. आत गेल्यावर निदान पाच मिनिटं जागेवर उभं राहा; डोळे अंधाराला सरावण्याआधीच माणसं बाहेर पडतात आणि ‘आत काही नाही’ म्हणतात.

वरचं तोंड कायम उघडं आहे. पाऊस, बर्फ थेट आत येतं. जमीन शिशाची आहे: धातू जागेवरच वितळवून पळीने ओतला आहे, त्यामुळे ती किंचित उंचसखल आहे आणि मधोमध पाणी साचतं. आमच्या मते पावसात हे चॅपल सर्वांत चांगलं: थेंबांचा आवाज, डबक्यात पडलेलं आभाळ, शिवाय गर्दीही नसते. थंडीत डबकं गोठतं, तेव्हा पायाखाली बघून चाला. लहान मुलं जमिनीवर हात टेकवतात. शिसं आहे, खाण्याआधी हात धुवायला लावा. पण पाणी इथे नाही. स्वच्छतागृह नाही, वीज नाही, ऊब नाही. सोय गावातच उरकून या आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा.

सामान मोजकंच: एक बाक, मेणबत्त्या लावायची जागा, भिंतीवर चक्राची खूण आणि संताचं ब्राँझचं शिल्प. वेदी नाही, बाकांच्या रांगा नाहीत. सामुदायिक उपासनेची सवय असलेल्यांना हे अपुरं वाटेल. कुठे बसावं, कुठे तोंड करावं हे कुणी सांगत नाही. एकट्याने गप्प बसायला मात्र याहून नेमकी जागा सापडणं अवघड. एक अडचण: काँक्रीट आणि धातूमुळे कुजबुजही घुमते, बुटांचा आवाज तर फारच. दार हाताने धरून हळू लावा. आत फोटो काढायला मनाई आहे आणि ती मनाई योग्यच आहे.

प्रवेश मोफत. सोमवारी बंद, एरवी सकाळी १० पासून उन्हाळ्यात ५ पर्यंत, हिवाळ्यात ४ पर्यंत. निघण्यापूर्वी वेळा तपासून घ्या. गाडी गावाच्या वाहनतळावर ठेवून पंधरा-वीस मिनिटं शेतातून चालावं लागतं. वाटेवर सावली नाही, पावसाळी हवेत चिखल असतो. चढ सौम्य आहे, पण ज्यांना चालणं जड जातं त्यांनी विचार करूनच यावं. रेल्वेने येणाऱ्यांना सात्सफाय स्टेशन जवळचं. तिथून जवळपास तासभर पायपीट.

याच त्सुमथोर यांचं कोलुम्बा संग्रहालय कोलोनमध्ये आहे, तेही २००७ चंच. दोन्ही जोडून पाहायचा बेत असेल तर ते मंगळवारी बंद असतं हे ध्यानात ठेवा. बुधवार ते शुक्रवार हे दिवस सर्वांत सोयीचे.