सल्फाइड खनिजांचा सॅम्पल बॉक्स: अख्खा पावसाळा काढल्यावर

सल्फाइड म्हणजे धातू आणि गंधक यांची खनिजं; सेटमध्ये लोखंडाचे पायराइट आणि मार्कसाइट, तांबं-लोखंडाचं चाल्कोपायराइट वगैरे येतात. बीएस्सीच्या पोरांच्या क्लाससाठी घेतला, उन्हाळाभर एकदम झकास. पण झाकण! झाकण बसतच नाही हो. एका कोपऱ्यात नख जाईल एवढी फट, बिजागरी प्लास्टिकची, आणि आत स्पंज, म्हणजे ओल धरून ठेवायची सोयच केलीय की. आमच्या खानापूरच्या पावसात हे टिकणार कसं? गणपतीत बॉक्स उघडला तर मार्कसाइटवर पांढरट पूड, गंधकाचा वास, लेबल तपकिरी पडून हातात तुकडे. ओल आणि ऑक्सिजन मिळाला की त्यातनं आयर्न सल्फेट आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिड होतं, हे मीच शिकवतो, पण पैसे घालून घरी बघायचं नव्हतं.

कस्टमर केअरवाले म्हणाले, "नॅचरल वस्तू आहे सर, वॉरंटी नाही." अहो दगडाची कोण मागतोय, झाकणाची मागतोय! तर म्हणे अख्खा सेट परत पाठवा, कुरिअर तुमच्या खर्चानं. एवढे जड दगड? राहू दे म्हटलं.

एकच स्टार देणार होतो. पण तो सडका दगड क्लासमध्ये फिरवला तर एका पोरीनं विचारलं, सर, समुद्राच्या तळाशी तर सगळं ओलंच, मग तिथले सल्फाइड टिकतात कसे? टिकत नाहीत, तीच तर गंमत. 1979 मध्ये पूर्व पॅसिफिक राइज या समुद्राखालच्या डोंगररांगेवर 21 अंश उत्तरेला ब्लॅक स्मोकर सापडले, म्हणजे तळातल्या गरम झऱ्यांवर सल्फाइड साचून झालेली, काळा धूर ओकल्यासारखी दिसणारी धुराडी, चिमण्याच; त्यातनं साधारण 350 अंश सेल्सिअसचं पाणी येतं आणि त्यात ऑक्सिजन नसतो, म्हणून गरम असेपर्यंत चिमणी शाबूत. ती विझली की थंड, ऑक्सिजनवालं समुद्राचं पाणी आत शिरतं आणि चाल्कोपायराइट गंजायला लागतं. वर अ‍ॅटाकामाइट या तांब्याच्या खनिजाचा हिरवा थर धरतो, तांब्याच्या भांड्यावर कळंक चढावा तसा, फक्त यात समुद्राचं क्लोरीन असतं. तांब्याचे स्थिर आयसोटोप, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू, दोन, 63 आणि 65, शंभरातले साधारण 69 अणू 63 चे. गंजताना जो जड 65 तो जरा जास्त प्रमाणात पाण्यात उतरतो, मागचा दगड हलका होत जातो, आणि ते सुटलेलं तांबं पुढं कुठं परत साचलं तर तिथं जड सापडतं. फरक हजारामागे एखाद-दोन भागांचा, साध्या काट्यावर कळणार नाही, त्याला अणू वजनानुसार वेगळे मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटरच लागतो. पण त्यावरनं तांबं मूळचं की गंजून फिरून आलेलं याचा अंदाज लागतो.

हे काय लांबचं नाही. चोर्ला घाट उतरला की गोवा, तिथल्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या आणि चेन्नईच्या एनआयओटी या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या लोकांनी डिसेंबर 2024 मध्ये हिंदी महासागरात 4,500 मीटर खाली जिवंत व्हेंटचे, म्हणजे अशाच गरम पाण्याच्या झऱ्याचे फोटो काढलेत. सल्फाइड शोधायचा भारताचा करार तर 2016 चा आहे. पोरं त्या दिवशी तास संपला तरी उठेनात, आणि हे सगळं त्या भिकार झाकणामुळं.

ता.क. त्यातला मोरपंखी दगड बोर्नाइट (हेही तांबं-लोखंडाचं सल्फाइड) म्हणून देतात, पण बाजारात बहुतेकदा अ‍ॅसिड मारलेलं चाल्कोपायराइटच असतं, रंगावर जाऊ नका. मार्कसाइट वेगळ्या हवाबंद डब्यात, सिलिका जेल घालून ठेवा, बुटांच्या खोक्यातल्या पुड्या फुकट मिळतात.

तीन स्टार. नवीन झाकण पाठवलं तर चौथा देईन, कुरिअर त्यांच्या खर्चानं.