एअर सस्पेन्शनचं साडेतीन लाखांचं कोटेशन: कंपनी सर्व्हिस सेंटर की रत्नागिरीतला गॅरेजवाला?

भावाची जर्मन गाडी एअर सस्पेन्शनवाली, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी राहणारी. ती सकाळी पुढून बसलेली दिसायची, कोल्हापूरला आंबा घाटातनं नेली तर सर्व्हिस सेंटरने दोन्ही पुढचे स्ट्रट (चाकावरचे हवेचे खांब) आणि त्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर मिळून साडेतीन लाख सांगितले. आता एवढे पैसे वाजवी आहेत का हे आकडा बघून कळतच नाही हो, आधी लीक नक्की कुठेय ते बघायला लागतं.

आमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याने साबणाचं पाणी मारलं, बुडबुडे फक्त डाव्या बाजूला आले. तिथेच मला तो पटला. पण कॉम्प्रेसरबद्दल सेंटरवालेही अगदीच चुकीचे नव्हते, कारण लीक असली की तो सारखा चालत राहतो आणि जळतो, त्यात आपल्याकडची खारी हवा. म्हणून तो तपासूनच ठरवा.

सेंटरकडे ओरिजिनल पार्ट, लेखी वॉरंटी. गॅरेजमध्ये त्याच बनवणाऱ्याचा बिनलोगोचा पार्ट स्वस्तात मिळू शकतो, पण नंतर स्कॅनर लावून गाडीची उंची कॅलिब्रेट, म्हणजे परत नीट सेट, करणार का ते विचारा. नाही म्हणाला तर सरळ घाट चढा.

गाडी वॉरंटीत असेल तर सेंटरच. नसेल तर मी गॅरेजकडे जाईन, फक्त पार्ट नंबर, लेबर, जीएसटी वेगळं लिहून घेऊन.