पातळ भाजी, सुकी भाजी आणि सोतोचे चार बॉल

पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल येऊन जायच्या आत या हॉटेलात जाऊ नका, हे आधीच सांगून टाकतो. हॉटेल पाचला उघडतं, पोदेर साडेपाचला येतो. मधल्या अर्ध्या तासात पुढ्यात येणारा पाव कालचा असतो, तव्यावर शेकून ताजेपणाचा आव आणलेला. पहिल्या दिवशी मी फसलो. मालकाला तसं म्हटलं तर तो म्हणाला, “मास्तर, पाचला यायला तुम्हाला सांगितलं कोणी?” मी गप्प बसलो, कारण भाजी तोच करतो.

जागा डिचोलीत, बसस्टँडवरून बाजाराकडे चालत चार मिनिटं. पाटी नाही. दारात निळं पिंप, त्यावर स्टीलचा तांब्या, आत सहा टेबलं आणि भिंतीला लागून एक लांब बाक. बुधवार बाजाराचा दिवस, त्या दिवशी बाकावर टेकायला मिळालं तर नशीब. गुरुवारी बंद. हात धुवायचा नळ मागच्या बाजूला आहे आणि तो पावसाळ्यात पायावरच जास्त उडतो.

नाव झालंय ते पातळ भाजीचं. पणजीहून लोक गाड्या घेऊन येतात, वाटीचे फोटो काढतात, वरून काढतात, बाजूने काढतात, तोवर भाजी निवते. मला विचाराल तर पातळ भाजी चांगली आहे, पण नाव झालंय तेवढी नाही. सफेद वाटाणे नीट शिजलेले असतात, खोबऱ्याचं वाटण गंधासारखं बारीक असतं, पण शनिवार-रविवारी गिऱ्हाईक वाढलं की टोपात पाणीही वाढतं, आणि ते जिभेला कळतं. या हॉटेलचा खरा खेळाडू सुकी भाजी आहे. बटाटा सुरीने न कापता हाताने मोडलेला, हळद बेताची, मिरची उभी चिरलेली, मोहरी करपू न देता घातलेली. तिचा फोटो कोणी काढत नाही. गरम पोई (कोंड्याचा गोल पाव) फोडून तिच्यात ही भाजी भरा आणि सोबत एक मिरची भजी घ्या. मिरची मात्र सात वाजेपर्यंतच मिळते.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

कोपऱ्यात उंचावर टीव्ही आहे. पहाटे अशा ठिकाणी भजन लागलेलं असतं. इथे बेसबॉल लागलेला असतो. ही करणी एका तारवट्याची. बावीस वर्षं मायामीहून सुटणाऱ्या बोटींवर स्वयंपाकघरात होता, आता घरी आहे, पण झोपेचं घड्याळ अजून तिकडचंच. न्यूयॉर्कला संध्याकाळचे सात दहा म्हणजे उन्हाळ्याच्या मोसमात आपल्याकडे पहाटेचे चार चाळीस. म्हणजे हॉटेल उघडतं तेव्हा सामना दुसऱ्या डावात असतो आणि शेवटची भजी तळून होते तेव्हा आटोपतो. मालकाला दोन्ही सोयीचं.

मी शाळेत गणित शिकवलं आणि तीस वर्षं रविवारी क्रिकेटचा स्कोअर लिहिला. बेसबॉल मला आधी कळत नव्हता, पण वही कळायची. तारवट्याने एक दिवस बेसबॉलचं स्कोअरशीट दाखवलं आणि मी अडकलो. तिसरा स्ट्राइक, म्हणजे मारण्याच्या हद्दीत पडलेला तिसरा बॉल, बॅट न हलवता सोडून फलंदाज बाद झाला, तर ते लोक इंग्रजी ‘के’ उलटा काढतात. एवढ्याशा खुणेत त्याची फजिती कायमची नोंदली जाते. आपल्या वहीत असं काही नाही, याचं मला वाईट वाटलं.

२०२५ च्या सप्टेंबरात, चवथ आटोपल्यावर, बाकावर एकच विषय होता. हुआन सोतो हा बेसबॉलचा फलंदाज आपमतलबी आहे की नाही, आणि त्याला उगाच डोक्यावर घेतलंय की नाही. तारवट्याच्या डोक्यावर न्यूयॉर्कच्या यांकीज संघाची निळी टोपी असते. समोर बसतो तो औद्योगिक वसाहतीतला मुलगा, रात्रपाळी संपवून सव्वासहाला येतो. बहीण न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये, म्हणून हा न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघाचा, मेट्सचा. मध्ये कदंब बसचा एक कंडक्टर, त्याला बेसबॉलचं काही नाही, पण वाद कुठलाही चालतो.

तारवट्याची पहिली तक्रार पैशाची. “२०२४ मध्ये आमच्याकडे होता. ४१ होम रन मारले, वर्ल्ड सीरिजपर्यंत, शेवटच्या लढतीपर्यंत नेलं, आम्ही त्याला खांद्यावर घेतला. आणि डिसेंबर आला तसा बाब पूल ओलांडून मेट्सकडे. १५ वर्षांचे ७६ कोटी ५० लाख डॉलर!”

“मग तू बोटीवर फुकट होतास?” मुलगा म्हणाला.

“मी बोट बदलली नाही.”

हे खोटं असल्याचं बाकावरच्या दोघांनी लगेच सांगितलं.

मुलाचं म्हणणं असं की २०२२ मध्ये त्याच्या तेव्हाच्या वॉशिंग्टन संघाने त्याला ४४ कोटी डॉलर देऊ केले होते, तेव्हा तो २३ वर्षांचा होता आणि नाही म्हणाला. आपली किंमत आपल्याला ठाऊक असणं हा स्वार्थ कसा? मला यात फार रस नव्हता. मास्तरकीत आयुष्य गेलेल्या माणसाने कोटींवर मत देऊ नये.

दुसरी तक्रार ऐकून मात्र माझा चहा थांबला. “दोन गडी बेसवर, धावेच्या वाटेतल्या टप्प्यांवर, उभे आहेत,” तारवटी म्हणाला, “सगळं मैदान उभं आहे, आणि हा पठ्ठ्या बॅट खांद्यावर टाकून बॉल बघतोय. बाहेरचा बॉल सोडला की पाय घासून नाचतो, पिचरकडे, बॉल टाकणाऱ्याकडे, डोळे वटारून बघतो. चार बॉल बाहेर गेले की चालत पहिल्या बेसवर. मारायचं काम मागच्याचं. एवढे पैसे काय चालायचे?”

बाक हसला. कंडक्टरने टेबलावर थाप मारली आणि इथल्या प्रत्येक वादात पडतो तो हुकमाचा एक्का टाकला, “गावसकर! १७४ चेंडू, नाबाद ३६!”

७ जून १९७५, लॉर्ड्स. इंग्लंडच्या ६० षटकांत ४ बाद ३३४, आपल्या ६० षटकांत ३ बाद १३२. गावसकर पहिल्या चेंडूपासून शेवटपर्यंत. त्या डावाची बाजू मी कधी घेतली नाही आणि आताही घेणार नाही. पण ही दोन उदाहरणं एका टोपात शिजत नाहीत, हे मला पोई तोंडात असतानाच सांगावं लागलं. वनडेत चेंडू मोजून दिलेले असतात. एक सोडलात की संघाचा एक गेला. बेसबॉलमध्ये चेंडू मोजलेले नाहीत, गडी मोजलेले आहेत. नऊ डाव, दर डावाला तीन, एकूण सत्तावीस. बाहेरचा बॉल सोडून सोतो संघाचं काहीच खर्च करत नाही. उलट एक माणूस फुकट बेसवर येतो आणि पिचरचा हात दमतो. धोका एकच. सोडलेला बॉल आत पडून तिसरा स्ट्राइक ठरला तर संघाचा एक गडी गेला आणि उलटा ‘के’ त्याच्या नावावर. आपल्याकडे वाइड सोडला म्हणून फलंदाजाला कोणी आपमतलबी म्हणतं का?

“वाइडला एकच रन,” कंडक्टर म्हणाला.

“आणि इथे एक माणूस,” मी म्हटलं.

आणखी एक गंमत वहीतली. चार बॉलवर मिळालेला बेस त्यांच्या सरासरीत (दर खेपेमागे यशस्वी फटके, म्हणजे हिट, किती) धरतच नाहीत. ना फायदा, ना तोटा, जणू तो मैदानात आलाच नव्हता. म्हणून २०२५ च्या मोसमात सोतोची सरासरी .२६३ दिसते आणि टोपीवाले नाक मुरडतात. पण बेसवर पोचण्याचं प्रमाण बघा, .३९६. शंभर वेळा खेळायला आला तर चाळीसेक वेळा बाद न होता बेसवर. मोसमभरात १२७ वेळा नुसता चालत. स्वतःच्या आकड्यांसाठी खेळणाऱ्याने हा धंदा कशाला करावा? होम रन आणि आपल्या फटक्यावर आणलेल्या धावा मोजल्या जातात, चालणं कोण मोजतं!

मग मी बॉस्टनचा जुना फलंदाज टेड विल्यम्स काढला. बॉस्टनच्या वर्तमानपत्रवाल्यांनी त्याच्यावरही हाच आरोप केला होता. बॉल इंचभर बाहेर असला तरी मारणार नाही, मग बेसवर कोणी का असेना. कारकिर्दीत २,०२१ वेळा चालत गेला. बेसवर पोचण्याचं त्याचं .४८२ हे प्रमाण आजवर कोणी ओलांडलेलं नाही. १९४६ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये २५ पैकी ५ वेळाच मारू शकला, बॉस्टन हरलं, आणि टीकाकारांचं फावलं. पण १९४१ चा शेवटचा दिवस बघा. सरासरी .३९९५५, म्हणजे तीन दशांश स्थळांपर्यंत .४००, त्यांच्या भाषेत चारशे. बाकावर बसून राहिला असता तरी चारशे खिशात होते. फिलाडेल्फियाला त्या दिवशी दोन सामने होते, तो दोन्ही खेळला, ८ पैकी ६ हिट, .४०६. त्यानंतर अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगमध्ये चारशेच्या वर कोणी गेलेलं नाही. आपमतलबी माणूस त्या दिवशी पोट दुखतंय म्हणतो.

मला वाटलं तारवटी गार होईल. तो शांतपणे म्हणाला, “आणि १९६० ला? शेवटच्या खेपेला होम रन मारला, लोक बोंबलत राहिले, तरी टोपी काढली नाही त्याने.”

हे खरं आहे. त्याला हे ठाऊक होतं याचा मला जरा रागच आला.

“विल्यम्स वर्ल्ड सीरिज कधी जिंकला नाही,” मुलाने घुसवलं. “सोतो जिंकला. २०१९ ला सीरिज चालू असताना २१ वर्षांचा झाला.”

एवढ्यात माझ्या पातळ भाजीवर साय धरली होती. मालकाने विचारलं, गरम करून देऊ का. हो म्हटलं. त्याने वाटी नेली ती आणलीच नाही, दुसऱ्या टेबलाला गेली. बिलात मात्र आली. मी काही बोललो नाही, पण हे लिहून ठेवतो.

तिसरी तक्रार धावण्याची, आणि तिथे मी तारवट्याच्या बाजूला. फटका मारला आणि बॉल सरळ फील्डरच्या हातात जातोय असं दिसलं की सोतो कधीकधी रमतगमत धावतो. मुलगा म्हणतो, त्याच मोसमात ३८ बेस चोरले (पिचर बॉल टाकतो तेवढ्यात पुढचा बेस पळून गाठला), याला आळशी म्हणाल? आळशी नाही म्हणणार. पण चोरताना धावायचं आणि बाद होतोय असं वाटलं की चालायचं, हे मी शाळेतल्या पोरांनाही चालवून घेतलं नाही. मुलगा यावर माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

मग २८ सप्टेंबर आला. मेट्सचा शेवटचा सामना, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली, म्हणून सगळ्यांनी घरीच बघितला. जिंकले तर बाद फेरीत, हरले तर घरी. समोर मायामी. ४-० हरले. त्याच जागेसाठी झगडणारं सिनसिनाटीही त्या दिवशी हरलं होतं, दोघांचे ८३ विजय, पण आपसातल्या सामन्यांत सिनसिनाटी सरस, म्हणून तेच पुढे. योगायोग असा की विल्यम्सचा तो १९४१ चा दिवस २८ सप्टेंबरचा आणि १९६० चा टोपीवालाही २८ सप्टेंबरचाच. मी घरी वहीत तीन ओळी एकाखाली एक लिहिल्या.

सोमवारी सकाळी मी पोचलो तर तारवटी आधीच बसलेला. मायामीने मेट्सना घालवलं याचा त्याला दुहेरी आनंद, टोपी जरा तिरकी. मुलगा सव्वासहाला आला, पोई घेतली, मान वर केली नाही.

“४३ होम रन,” तारवटी बोटं मोडत म्हणाला, “१०५ धावा आणल्या, १२७ वेळा चालला. आणि संघ कुठे? घरी!”

“पिचर ढेपाळले दोन महिने,” मुलगा पोईकडे बघत म्हणाला. “त्याने बॉलही टाकायचा का?”

यावर बाक एकदम गप्प झाला, कारण उत्तर कोणाकडे नव्हतं. कंडक्टरने सवयीने दिलीप सरदेसाई काढला. गोव्यात जन्मून भारताकडून कसोटी खेळलेला एकटाच माणूस. इथला कुठलाही खेळाचा वाद शेवटी त्याच्यापाशी येऊन टेकतो.

मी मालकाला विचारलं, दोन मोसम तुमच्याच टीव्हीवर बघताय, तुमचं मत काय?

“तो डाव्या हाताने मारतो तोच ना?” मालक म्हणाला. “तो आला की ही माणसं चहा प्यायची थांबतात. गार झाला की परत गरम मागतात. दूध माझं जातं.”

बिल ११० रुपये झालं, त्या न आलेल्या वाटीसकट. यूपीआय चालतं, पण टीव्हीखालच्या टेबलावर रेंज नाही, उठून दारापर्यंत यावं लागतं.