टर्फ वॉर्स: कोरा-असामीवाल्यांनी घ्यावं का?

सरळ सांगते, गुंडांची टोळीयुद्धं वाचायला मी 'टर्फ वॉर्स' हे कॉमिक घेतलेलं नाही, कोरा आणि असामीच्या प्रेमासाठी घेतलं. १९ डिसेंबर २०१४ ला 'द लेजंड ऑफ कोरा' ही अ‍ॅनिमेशन मालिका संपली, तेव्हा कोरा (चारही तत्त्वं वश असलेली, जगाचा तोल सांभाळणारी 'अवतार') आणि तिची मैत्रीण असामी एकमेकींचे हात धरून स्पिरिट वर्ल्डच्या, म्हणजे आत्म्यांच्या जगाच्या, पिवळ्या झोतात शिरल्या आणि खेळ खल्लास. माझी मावसबहीण कट्टर माकोवाली, म्हणजे कोराची जोडी तिच्या आधीच्या प्रियकराशी, माकोशी जमावी अशा मताची. "मैत्रिणी आहेत गं, हात धरला तर एवढं काय?" असं तिने लगेच ऐकवलं. तीनच दिवसांनी मालिका रचणाऱ्या मायकल डांते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनियेत्झको या दोघांनी लिहून जाहीर केलं की हो, या दोघींचं जमलंय. बहीण गप्प झाली, पण आमचं पोट काही भरलं नव्हतं.

कारण आम्ही किती थोडक्यावर दिवस काढले होते! तिसऱ्या पर्वाच्या शेवटी कोरा व्हीलचेअरवर, आणि तिचं आवरून देणारी असामी. पुढे कोरा आजारी होऊन माहेरी पडलेली असताना माको आणि त्याचा भाऊ बोलिन यांच्या पत्रांना उत्तर नाही, असामीला मात्र लिहिते. परत आल्यावर असामीने नव्या केसांचं कौतुक केलं तर बाईसाहेबांचे गाल लाल. बस, एवढंच. त्याहून जास्त दाखवायला वाहिनीकडून मर्यादा होती, हे कोनियेत्झकोनेच तेव्हा लिहिलं होतं.

म्हणून २०१७ मध्ये या कॉमिकचा पहिला भाग आला तेव्हा अपेक्षा आभाळाला टेकलेल्या. लेखन खुद्द डिमार्टिनोचं, चित्रं आयरीन को हिची. माझ्याकडे तिन्ही भाग एकत्र असलेली जाड पुठ्ठ्याची लायब्ररी आवृत्ती आहे. तिच्यात लेखक आणि चित्रकार दोघांच्या टिपा आहेत, मागे कच्ची रेखाटनं आहेत. वाचून झाल्यावर टिपांसाठी पुन्हा पहिल्यापासून उघडलं, तेवढे पैसे वसूल.

गोष्ट मालिका संपली तिथूनच उचलली आहे. दोघी स्पिरिट वर्ल्डमध्ये भटकतात, चुंबनही होतं, त्यात आडपडदा नाही. पण मला सगळ्यात आवडला तो पुढचा प्रसंग. दोघी दक्षिण ध्रुवावर कोराच्या घरी जातात आणि आईवडिलांना सांगून टाकतात. आता टोनराक काही खलनायक नाही. लेकीवर जीव असलेला बाप. पण तो सुचवतो की हे सध्या गाजावाजा न करता ठेवलेलं बरं. झालं, कोरा भडकते. मी हे वाचताना अक्षरशः आपल्याकडचा एखादा सज्जन बाबा बोलतोय असं वाटलं: 'आमची काही हरकत नाही गं, पण चार लोक काय म्हणतील?' ओरडणारा बाप परवडला, त्याच्याशी भांडता तरी येतं. या असल्या मऊ बोलण्याला काय करायचं? असामी शेजारी उभी, आणि नेमकं काय बोलावं ते तिलाही कळेना.

मग काया, म्हणजे कोराच्या आधीचा अवतार आंग याची मुलगी, दोघींना बसवून सांगते की तिलाही बायकाच आवडतात. आणि कुठल्या राष्ट्रात काय रीत: एअर नोमॅड्सना याचं काही वावगं नव्हतं, वॉटर ट्राइबमध्ये घरचं घरात ठेवायची पद्धत, फायर नेशनमध्ये सोझिनने गादीवर आल्यावर असल्या नात्यांवर बंदीच आणली. जुन्या काळची अवतार क्योशी, तिला पुरुष आवडत तशा बायकाही, पण अवतार असूनही तिला अर्थ किंगडम बदलता आलं नाही. माहिती जरा पाठ्यपुस्तकासारखी येते खरी, पण क्योशीचं वाचून मी पुस्तक मिटून पाच मिनिटं बहिणीला मेसेज करत बसले.

इथून पुढे गाडी घसरते. स्पिरिट पोर्टलभोवती (आत्म्यांच्या जगाच्या दाराभोवती) करमणुकीची बाग उभारू पाहणारा बिल्डर, तोंड विद्रूप झालेला टोकुगा नावाचा टोळीप्रमुख, मारामाऱ्या. बेघर झालेल्यांच्या छावण्या आणि त्यांच्या शहराचा अध्यक्ष रायको याच्याविरुद्ध निवडणुकीला उभी राहिलेली झू ली, एवढा भाग छान जमलाय. पण टोकुगा असामीला पळवून नेतो तेव्हा मी वैतागले. फ्युचर इंडस्ट्रीजची मालकीण, स्वतः यंत्रं बनवणारी, हातमोज्यातून विजेचा झटका देणारी बाई, आणि तिच्या वाट्याला ओलीस राहायचं काम? जोडी जमली रे जमली की एकीने संकटात पडायचं आणि दुसरीने धावायचं, हा नियम कोणी केला?

चित्रांबद्दल भांडण नाही. को चेहऱ्यांवर जीव ओतते. कोराचे दंड मालिकेतल्यासारखेच दणकट आहेत, उगाच नाजूक केलेले नाहीत. बारीकसारीक प्रसंगात दोघी एकमेकींकडे बघतात ते बघायला मजा येते, संवादाची गरजच नाही.

मालिका पाहिली नसेल तर आधी ती पाहा, कोरं डोकं घेऊन हे उघडलंत तर काही कळणार नाही. पाहिली असेल आणि तुम्ही आमच्या गोटातले असाल तर पहिला भाग घ्याच. तिन्ही हवे असतील तर सुट्या पुस्तकांपेक्षा लायब्ररी आवृत्ती, टिपांसाठी. माकोवाल्यांनी उधार घेऊन वाचावं. पाचपैकी साडेतीन, त्यातले तीन टोनराकच्या घरातल्या पानांना.

पुढचं 'रुइन्स ऑफ द एम्पायर' पण आणलंय. त्यात असामीचं डोकंच फिरवून टाकलंय दुसऱ्या कोणीतरी. हिला एकदा तरी सुखाने राहू द्या की!